फितीचे दुसरे टोक

चुडाव्याला पॅसेंजरमधून उतरताना गुरुपादच्या डोक्यात एकच काम होतं. उंबरथडीतली राहिलेली काही घरं मोजायची आणि प्रबंधाचं चौथं प्रकरण बंद करायचं. खांद्यावरच्या झोळीत नकाशांच्या गुंडाळ्या होत्या आणि मोजायची फीत. स्टेशनाबाहेर लिंबाजी बैलगाडी घेऊन उभा होता. लिंबाजी म्हणजे उंबरथडीचे सरपंच दिनकरराव यांचा सालगडी. एरवी गुरुपाद गावापर्यंत पायीच जायचा.

"आज गाडी कशी काय?"

"सरपंचायनी धाडली. अप्पाला पायी येऊ देऊ नको म्हनले." लिंबाजी बैलांना चुचकारत हसला. "आज तुमचा मान हाय."

मान कसला, ते दिनकररावांच्या ओसरीवर कळलं.

उंबरथडी पूर्णेच्या काठचं गाव. त्र्याऐंशीच्या भादव्यात नदी गावात शिरली, भिंती बसल्या, गुरं वाहून गेली. सरकारनं गाव वरच्या माळावर हलवायचं ठरवलं. माळावर प्लॉट पडले, पाण्याची टाकी उभी राहिली, आणि प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटायचे असा हुकूम निघाला. गुरुपादचा अभ्यास त्याच्या आधीपासूनचा. गावातली विहीर, शाळा, रस्ता, मसणवटा यांच्यापासून कोणाचं घर किती लांब, आणि ते तसं का, हा त्याच्या भूगोलातल्या पीएच.डी.चा विषय. गाव बुडालं तेव्हा त्याला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं, की एक गाव पहिल्यापासून मांडलं जाताना बघायला मिळणार. दुसरी गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नव्हती.

जुन्या गावाचा नकाशा त्याला तोंडपाठ होता. पश्चिमेला उंचावर दिनकररावांची आळी, मग उतरत उतरत बाकीच्यांची घरं, आणि अगदी पूर्वेला, खाली, बौद्धांची वस्ती. या भागात वर्षातले बरेच महिने वारा पश्चिमेकडून येतो. वारा आधी कोणाच्या अंगावरून जायचा आणि शेवटी कोणाच्या, हे जुन्या लोकांनी नकाशा न काढताच ठरवून टाकलेलं होतं. हे वाक्य त्याच्या दुसऱ्या प्रकरणात होतं आणि त्याच्या मार्गदर्शकांनी त्याखाली रेघ मारली होती.

"या, अप्पा." दिनकरराव उठून पुढं आले. धोतराचा सोगा सावरत त्यांनी तक्क्याकडं हात केला. "तुमच्या अभ्यासानं आमचं काम हलकं केलं बगा."

त्यांच्या हातात गुरुपादचाच अहवाल होता. तहसील कचेरीनं त्याला गावठाणाचे नकाशे बघू दिले, ते अहवालाची एक प्रत द्यायची या अटीवर. ती प्रत फिरत फिरत इथं आली होती. दिनकररावांनी चष्मा लावून वाचलं, "'खालच्या वस्तीतील सर्व कुटुंबांनी नव्या गावठाणात आपल्या लोकांतच राहण्याची इच्छा व्यक्त केली.' सर्व, अप्पा! एक घर इकडं न्हाई का तिकडं न्हाई."

"हो. तसंच आलंय."

"मग आमी अर्ज केला. त्येंची मर्जी हाय तर चिठ्ठ्या कशाला? पूर्वेची सगळी रांग त्येंना एका जागी द्या. नायब तहसीलदार म्हनले, इद्यापीठाचा कागद हाय, इचार करू."

पूर्वेची रांग म्हणजे ओढ्याकडची. तिथली माती गुरुपादनं स्वतः हातात घेऊन बघितली होती. चिबड जमीन; पावसाळ्यात पाय घातला की घोट्यापर्यंत जायचा.

"मी ओढ्याकडं द्या असं कुठं लिहिलंय?"

"आता बगा," दिनकरराव समजूत घातल्यासारखं म्हणाले, "एका जागी ऱ्हायचं म्हनल्यावर एका जागी येवढे प्लॉट दुसरीकडं हायेत का? आन् आमी काय नदीत ढकलायलो का त्येंना?" मग आत बघून ओरडले, "अप्पाचं ताट करा गं. कांदा-लसूण आज चालतं का ते इचारून." आणि पुन्हा त्याच्याकडं वळून, "ईश्वरअप्पा बरे हायेत ना? औंदा थोरलीचं लगीन हाय. बस्ता तुमच्याच दुकानात."

ईश्वरअप्पा गुरुपादचे वडील. परभणीत त्यांचं कापडाचं दुकान, आणि उंबरथडीच्या निम्म्या लग्नांचा बस्ता तिथं फाटायचा. त्याच ओळखीवर गुरुपाद या घरी उतरायचा, जेवायचा. फितीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो म्हणून लिंबाजीही याच घरानं दिलेला.

अर्ध्या ताटावरून उठून गुरुपादनं झोळी घेतली. लिंबाजी सवयीनं फीत उचलून निघाला.

"आज राहू दे. मी एकटाच जातो."

"एकट्यानं फीत कशी धराल?"

"फीत नाही न्यायची."

लिंबाजीनं फीत खाली ठेवली आणि ओसरीवर बसलेल्या दिनकररावांकडं बघितलं.

खालच्या वस्तीत पुरानं पडलेल्या भिंतींना पत्रे टेकवलेले होते. तानुबाई दारात ज्वारी पाखडत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली बाई. तिचा भाचा भुजंग झरीच्या शाळेत मास्तर. रविवार असल्यानं तोही घरी होता, बाजेवर बसून वर्तमानपत्र वाचत.

"आज येकलेच?" सूप न थांबवता तानुबाई म्हणाली. "शेपटी कुठं इसरले?"

"लिंबाजीला आणलं नाही."

"बरं केलं. फुफाटा कमी."

गुरुपाद जोत्यावर टेकला. गेल्या खेपेला याच दारात ती चहा टाकते म्हणाली होती आणि लिंबाजी 'अप्पा, उशीर व्हायलाय' म्हणाला होता. मग दोघं पुढच्या घराकडं गेले होते. हे त्याला आत्ता आठवलं.

"सर, एक विचारू?" भुजंगनं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तुम्ही कोणत्या विद्यापीठाचे?"

"औरंगाबादच्या."

"त्याला नाव असेल ना?"

नामांतराच्या वादाची ती वर्षंच अशी होती की विद्यापीठाचं नाव घेतलं की माणूस कोणत्या बाजूचा ते ठरायचं. म्हणून गुरुपाद दोन्ही आळ्यांत 'औरंगाबादचं' म्हणायचा आणि त्याला ते शहाणपणाचं वाटायचं.

"एसटीची पाटी वाचल्यासारखं सांगता," भुजंग म्हणाला. "औरंगाबाद. वाया जालना."

तानुबाई फिसकन हसली. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि हसणंही.

"तुमी लिवलं म्हनं, आमाला येगळं ऱ्हायचंय."

"तुम्हीच सांगितलं होतं, मावशी. मी विचारलं, आपल्या लोकांत राहायचं का सगळ्यांत मिसळून."

"कुठं हुभं राहून इचारलं?"

"इथंच. दारात."

"आन् ते कुठं हुभं व्हतं?"

गुरुपादनं दाराच्या चौकटीकडं बघितलं. लिंबाजी तिथं उभा होता, हातात फितीचं टोक घेऊन. प्रत्येक घरी तसाच. एक शब्द बोलला नव्हता. उलट पोरांची चेष्टा करायचा, म्हाताऱ्यांना रामराम घालायचा.

"अठ्ठ्याहत्तरच्या श्रावनात," तानुबाई म्हणाली, "नाव बदलायचं म्हनून रान पेटलं तवा, आमची घरं बी पेटली. तवा बी ते इथंच हुभं व्हतं. तवा हातात पलिता व्हता. आता तुमची फीत."

"केस झाली असेल ना?"

"झाली की. कोनीच वळखलं न्हाई."

"तुम्ही ओळखलं नाही?"

"मी वळखलं. कोडतात न्हाई वळखलं." तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. "आता त्येच्या तोंडापुढं मी म्हनू, मला वरच्या आळीत घर द्या? घर मिळंल, पर त्येला छप्पर ऱ्हाईल का?"

कोणाचं घर कुठं आहे आणि त्यामुळं कोणाला काय बोलता येतं, हे गुरुपाद इतकी वर्षं लिहीत होता. आपण कोणाच्या घरून निघून, कोणाला बरोबर घेऊन, कोणाच्या दारात उभे राहतोय, हे मात्र त्याच्या एकाही नकाशात नव्हतं.

"आणि आज विचारलं तर?"

"आज बी आपल्याच मानसांत."

तो चमकला. "मग मी लिहिलं ते..."

"आवो, हाक मारली तर कोनी आलं पायजे. वरच्या आळीत माझ्या हाकेला कोन येईल? दिनकरराव? पर एका जागी म्हंजे वढ्यात, हे कोनी ठरवलं? टाकीपाशी आमी सगळे एका जागी कामून न्हाई?"

"आत्या, तिथंच चुकतीस तू," भुजंग उसळला. "एका जागी राहिलो की ओढा काय आणि टाकी काय, गावाबाहेरचा वाडा तो वाडाच. चिठ्ठ्याच पाहिजेत. पाटलाच्या भिंतीला आपली भिंत लागली पाहिजे."

"तुला बोलाया काय जातंय? तू झरीला निजतूस."

"मी काय कायमचा..."

"भिंतीला भिंत लागंल. मानसाला मानूस कधी लागायचं ते सांग आदी."

भांडण बराच वेळ चाललं. मधेच तानुबाईनं चहा टाकला, गुरुपाद प्याला. मग तो घरोघर फिरला, कागद न काढता. कोणाला चिठ्ठ्या हव्या होत्या, कोणाला शेजार. एक म्हातारा म्हणाला, मला शाळेजवळ द्या, नातू लंगडा आहे. ओढा कोणीच मागितला नाही. आणि टाकीपाशी, सगळे एकत्र, हे म्हणणारी घरं कमी नव्हती. त्याच्या प्रश्नाला दोनच उत्तरं होती. हे तिसरं लिहायला जागाच ठेवलेली नव्हती.

तो औरंगाबादला गेला. मार्गदर्शकांनी सगळं ऐकून घेतलं. शांत, कोरडे गृहस्थ होते.

"पुन्हा विचारून आलात, ते आकडे जुन्यांत मिसळता येणार नाहीत. जुनं बदलता येत नाही, फक्त रद्द करता येतं. चौथं प्रकरण गेलं तर पाचवं उभं राहत नाही. मुदत वाढवून मिळेल, शिष्यवृत्ती नाही." मग ते म्हणाले, "प्रबंध ग्रंथालयात पडून राहतो, गुरुपाद. कोणी उघडत नाही. चूक राहिली तरी कोणाचं वाईट होत नाही."

"हा उघडलाय, सर. सरपंचांनी."

नायब तहसीलदारांनी बैठक लावली शाळेच्या पटांगणात. वरची आळी सतरंजीवर बसली, मधली आळी भिंतीला टेकून, आणि खालची वस्ती लिंबाखाली, उभी. गुरुपादला खुर्ची ठेवलेली होती, दिनकररावांच्या शेजारी. तो तिच्यावर बसला नाही. पण लिंबाखाली जाऊन उभं राहायचंही त्याला जमलं नाही. तो मधेच कुठंतरी उभा राहिला.

साहेबांनी अहवालातलं वाक्य वाचलं. "हे तुमचंच ना?"

"माझंच आहे. पण ते धरू नका. मी ज्या तऱ्हेनं विचारलं त्या तऱ्हेनं दुसरं उत्तर येणंच शक्य नव्हतं."

"म्हणजे खोटं लिहिलंत?"

"लिहिलं ते खरं होतं. विचारलं ते चुकीचं होतं. तो तक्ता मी प्रबंधातून काढून टाकतोय."

सतरंजीवर कुजबूज झाली. दिनकरराव आवाज न चढवता म्हणाले, "अप्पा, कोनी भरवलं तुमाला? आमी तर साधं वरन-भात खाऊ घातला."

मधल्या आळीतून हसू उठलं. लिंबाजी पटांगणाच्या कडेला गाडीच्या जुवाला टेकून उभा होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता. धन्याकडून उसन्या नेलेल्या जिनसा कोणी परत न करता चाललाय, असं बघत होता, एवढंच.

तेवढ्यात तानुबाई लिंबाखालून पुढं आली. "सायब, आमाला एका जागी द्या. पर टाकीपाशी."

साहेबांनी टेबलावरचा हुकूम चाळला. "अशी तरतूद नाही. एक तर सर्वांची राजीखुशी, नाहीतर चिठ्ठ्या. राजीखुशीचा कागद तर आता यांनीच मागं घेतला." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "चिठ्ठ्या."

भुजंगनं टाळी वाजवली. एकट्यानंच. तानुबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही.

मडक्यातून चिठ्ठ्या निघाल्या तशी खालची वस्ती माळभर विखुरली. एक घर शाळेमागं, एक रस्त्याच्या वळणावर, कोणी चावडीजवळ. भुजंगच्या नावाला मधल्या आळीतला प्लॉट आला. तानुबाईची चिठ्ठी निघाली टाकीशेजारची, दोन्हीकडं दिनकररावांची भावकी. ओढ्याच्या रांगेत वरच्या आळीतली काही नावं गेली; ती माणसं चिठ्ठी हातात घेऊन हसत होती, जणू कोणी थट्टा केलीय.

परभणीच्या दुकानात दिनकररावांच्या थोरलीचा बस्ता आला नाही. मग उंबरथडीचा दुसराही कोणाचा आला नाही. ईश्वरअप्पांनी विचारलं नाही, पण जेवताना एकदा म्हणाले, "भूगोल म्हणजे नद्या-डोंगर, असं आम्हाला वाटायचं."

वर्ष उलटून गेल्यावर, शाळू हुरड्याला आला होता तेव्हा, गुरुपाद पुन्हा चुडाव्याला उतरला. नवं चौथं प्रकरण लिहायचं होतं: वाटप झाल्यावर गाव प्रत्यक्षात कसं बसलं. गाडी आली नव्हती. पायीच गेला.

माळावर घरं उठली होती. तो सकाळभर फिरला, दुपारी टाकीच्या सावलीत बसून नकाशा काढू लागला, आणि अर्ध्यावर त्याचा हात थांबला. हा नकाशा त्यानं आधी काढलेला होता. पश्चिमेला दिनकररावांची आळी, मग उतरत बाकीची, आणि पूर्वेला, ओढ्याला लागून, खालची वस्ती. कोणी जबरदस्ती केली नव्हती. प्लॉटांची अदलाबदल झाली होती, रीतसर, राजीखुशीनं. शाळेमागच्या घराच्या दारात रोज कोणीतरी मेलेलं काहीतरी टाकायचं. वळणावरच्या घराला नळाची तोटी मिळत नव्हती. एकटं घर किती दिवस काढणार? ओढ्याकडं निदान सगळे होते.

भुजंगनंही बदलला होता. तो रस्त्यात भेटला, सायकल हातात धरून. "मी आठवडाभर झरीला, सर. बायको इथं एकटी. लेकरू तान्हं." तो सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिला. "तुमच्या प्रबंधात लिहा. मास्तर चिठ्ठ्यांसाठी भांडला आणि पहिली अदलाबदल मास्तरनं केली."

"नाव घालणार नाही."

"घाला की. नाव टाळायची सवय बरी नाही."

टाकीशेजारी मात्र एक जोतं उभं होतं. तानुबाईचं. ती विटांवर पाणी मारत होती, एकटीच.

"आले का? मला वाटलं, तुमचं पुस्तक झालं आसंल."

"नाही झालं, मावशी. तुम्ही बदलला नाही प्लॉट?"

"इचारायला लय जन आले. सरपंच सोता आले. वर काही देतो म्हनले." तिनं बादली खाली ठेवली. "मी मागितली व्हती टाकी. मिळाली. आता न्हाई कशी म्हनू? फीत हाय का तुमच्यापाशी?"

होती. तिनं फितीचं टोक हातात घेतलं आणि कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडापाशी जाऊन उभी राहिली. गुरुपाद पलीकडं गेला. त्यानं वाचलं, पुन्हा ओढून वाचलं.

"मावशी, दगड आत सरकलाय."

"ते म्हाईत हाय. किती ते सांगा."

त्यानं सांगितलं. एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा शेजाऱ्यानं घेतली होती. तिनं मान हलवली आणि टोक सोडलं. फीत सरसरत त्याच्याकडं आली.

"आनिक एक मोजायचंय. तुमी खाली भुजंगच्या दारात जाऊन हुभं ऱ्हावा. मी हितून हाक मारते. ऐकू येती का बगा."

तो उतरत गेला. मधली आळी ओलांडली, मोकळं रान ओलांडलं, ओढ्याच्या ओलीवर आला. भुजंगची बायको लेकराला कडेवर घेऊन दारात आली. वर टाकीपाशी तानुबाई लहानशी दिसत होती. वारा तिच्याकडूनच येत होता.

"भुजंगाऽऽ!"

हाक स्वच्छ आली, कानाशी बोलल्यासारखी. लेकरानं मान वळवली. गुरुपादनं दोन्ही हात वर करून हलवले. मग त्याच्या मनात आलं, आणि त्यानं ओंजळ तोंडाशी धरून, असेल तेवढा दम लावून उलट हाक दिली, "मावशीऽऽ! आली हाक! येतोऽऽ!"

वर तानुबाई कानामागं हात धरून उभी होती. तो पुन्हा ओरडला; आवाज वाऱ्याविरुद्ध वर चढत नव्हता. भुजंगची बायकोही ओरडली.

तिनं हात खाली घेतला. मग वाकून बादली उचलली आणि विटांवर पाणी मारायला लागली.